पहिलं बोट माझं

दहावीच्या वर्गात स्वादुपिंडाची आकृती मी सत्तावीस वर्षं काढत आले आहे. फळ्यावर ती दर वर्षी वेगळीच यायची. कधी मक्याच्या कणसासारखी, कधी वाळक्या मिरचीसारखी, आणि एका वर्षी तर मागच्या बाकावरून एकानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की मिस, हा मासा आहे का. आकृती कशीही उतरो, पुढचं व्याख्यान मात्र मला तोंडपाठ होतं. आधी कन्नडमध्ये, मग तेच इंग्रजीत. ही ग्रंथी दमली की साखर रक्तातच फिरत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा हळूहळू खराब करते. 'हळूहळू' या शब्दावर मी जोर द्यायचे, कारण परीक्षेत तो लिहिला नाही तर मी अर्धा मार्क कापायचे.

हे सगळं शिकवणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या रक्तात साखर किती वर्षं फिरत होती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला तहान लागायची, ती खडूच्या धुळीमुळे लागते असं मी ठरवून टाकलं होतं. दोन तासांच्या मधे बाथरूमला पळावं लागायचं, ते वयामुळे. वजन पाच किलो उतरलं, ते चामुंडी बेट्टाच्या पायऱ्या चढल्यामुळे. पायऱ्या मी त्या वर्षात एकदाच चढले होते आणि उतरताना बसनं आले होते, पण वजन उतरायला तेवढं पुरतं अशी माझी समजूत होती. माझ्या आईला शुगर होती. तिच्या फडताळातला लाडवांचा डबा मी स्वतः लपवून ठेवायचे आणि तिला भरपूर बोलायचे. ती मला 'डॉक्टरीण' म्हणायची. तो टोमणा होता हे मला फार उशिरा कळलं.

आमचं घराणं म्हैसुरात कितीतरी पिढ्यांचं. घरात आम्ही मराठी बोलतो म्हणजे वाक्य मराठीत सुरू करतो, मधे 'सुम्ने' म्हणजे उगाच आणि 'अल्वा' म्हणजे नाही का, असं टाकतो आणि शेवट बहुधा कन्नडमध्ये होतो. नवरा सोलापूरचा. नोकरीसाठी इकडे आला आणि माझ्या मराठीला हसत हसत इथेच राहिला. मुलगी बंगळूरला असते. तिची मराठी 'आई, ऊट झालं का', म्हणजे जेवलीस का, इथपासून सुरू होते आणि फार लांब जात नाही.

तर शाळेतली गोष्ट. त्या वर्षी आमच्या दोन शिक्षकांना आणि ऑफिसातल्या क्लार्कला शुगर निघाली. तिघंही चाळिशीच्या आतले. त्यातले चित्रकलेचे शिक्षक तर एकदा वर्गातच चक्कर येऊन पडले. मग हेडमास्तरांनी ठरवलं, की एका शनिवारी शाळेत तपासणी ठेवायची, पालक आणि सगळे कर्मचारी यांच्यासाठी. जबाबदारी माझ्यावर आली, कारण मला जीवशास्त्र येतं आणि नाही म्हणता येत नाही.

मी तयारी जोरात केली. तक्ते रंगवून घेतले. व्यासपीठावरून पंचवीस मिनिटं बोलले. पायांबद्दल तर मी विशेष रंगून बोलले. म्हटलं, नसा बधिर झाल्या की जखम दुखत नाही, आणि दुखत नाही हेच सगळ्यांत वाईट. म्हणून रोज झोपण्याआधी आपले तळवे बघा, बोटांच्या फटी बघा. टाळ्या झाल्या. मग मी म्हटलं, चला, या आता एकेक. कुणीच हललं नाही.

मागे दाराशी आमच्या बिसिऊटच्या, म्हणजे मुलांना दुपारचं गरम जेवण करून घालणाऱ्या तीन बायका उभ्या होत्या. त्यातल्या मुख्य ज्या, त्यांना सगळी शाळा अक्का म्हणते. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पण मीही अक्काच म्हणते. सरगूरजवळच्या खेड्यातल्या. नवरा गेल्यावर म्हैसूरला आल्या आणि रिंग रोडच्या पलीकडे एका खोलीत राहतात. हात पदरात गुंडाळून त्या म्हणाल्या, अंगात रक्त आधीच कमी, त्यातलं आणखी कशाला काढून द्यायचं.

मला स्फुरण चढलं. मी व्यासपीठावरून उतरले, नर्सच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बघा, पहिलं बोट माझं."

नर्स समजूतदार होती. आकडा आला तसा तिनं चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी उलटी करून माझ्याकडे सरकवली. मी तिचं ऐकायला हवं होतं. पण मी म्हटलं, मोठ्यानं सांगा, यात लपवण्यासारखं काय आहे. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "तीनशे अठरा."

मी हसले. सकाळी केसरीभात खाल्ला होता, बोटाला साखर राहिली असेल, असं म्हणून नळावर गेले, साबणानं हात धुतले, परत आले. दुसऱ्या बोटातून तीनशे बावीस आली. मग मी यंत्र बदलायला लावलं. दुसऱ्या यंत्राचंही मत फारसं वेगळं नव्हतं. शेजारी उभे असलेले हेडमास्तर हळूच म्हणाले, मॅडम, उदाहरण मात्र उत्तम दिलंत.

त्यानंतर अक्का पुढे आल्या. मिसना एवढी आहे तर माझी बघू तरी, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी हात पुढे केला. त्यांची दोनशे शहाऐंशी निघाली. त्यांच्यामागे रांग लागली आणि ती दोन वाजेपर्यंत हटली नाही. माझं शिबिर यशस्वी झालं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की यंत्रं बिघडलेली होती. त्यानं नेहमीसारखी दोन चमचे साखर घालून कॉफी केली, ती मी प्यायले. तरी सोमवारी गुपचूप लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा साडेदहाच्या वर होता. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि घोटाळा तिथेच झाला. दुसरी कुणी असती तर घाबरून डॉक्टरकडे गेली असती. मी मनात डॉक्टरांचं भाषण करून टाकलं, त्यांच्या वतीनं स्वतःला सल्ला दिला, आणि तो सल्ला असा निघाला, की गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, तेव्हा तीन महिने आहारावरच बघू.

तो आहार आता सांगायला लाज वाटते. सकाळी मेथीचं पाणी. त्यावर कारल्याचा रस. शेजाऱ्यांच्या कुंडीत ज्याला सगळे 'इन्सुलिनचं झाड' म्हणतात ते होतं, त्याचं एक पान मी रोज कुंपणावरून हात घालून तोडायचे आणि शेळीसारखं उभ्या उभ्या चावायचे. महिन्याभरात त्या झाडाला माझ्या बाजूनं एकही पान उरलं नाही. नाचणी चांगली असते म्हणून मी नाचणीची आंबील सुरू केली आणि ती बेचव लागते म्हणून तीत गूळ घातला. गूळ म्हणजे साखर नव्हे, हे मी स्वतःला समजावलं. हे एखाद्या विद्यार्थ्यानं पेपरात लिहिलं असतं तर मी लाल शाईनं अख्खं पान भरलं असतं. शिवाय साखर नसलेली बिस्किटं, ती साखर नसलेली म्हणून एका वेळी अर्धा पुडा. नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून त्याच्या हातची साखरेची कॉफी तशीच चालू.

अक्का मात्र दुसऱ्याच आठवड्यात आपल्या वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात गेल्या. अर्धी सकाळ रांगेत घालवून महिन्याभराच्या गोळ्या घेऊन आल्या. दोन स्टॉप आधी बसमधून उतरून शाळेपर्यंत चालत यायला लागल्या. नाचणीचा मुद्दा, तो गरम गरम मोठा गोळा, त्या आधी दोन खायच्या, तो एकावर आणला. पान-तंबाखू तेवढी सोडली नाही. त्याबद्दल मी तोंड उघडलं की त्या भात बघायला उठायच्या. बाकी माझं भाषण त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. दुपारी मुलांची पंगत उठली की मी स्वयंपाकघरात ताक प्यायला जायचे, तेव्हा त्या एकेक शंका काढायच्या. काल पाय बघितले, टाचेला भेग आहे, तेल लावू का? गोळी जेवणाआधी की नंतर? मी पोत्यावर बसून सगळ्याची उत्तरं द्यायचे. ती बरोबर असायची.

एकदा त्यांनी विचारलं, "मिस, तुम्ही कुठली गोळी घेता?"

मी म्हटलं, "पांढरी."

"मला पण पांढरीच दिलीय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. तेव्हा मला जरा टोचलं. पण जेवणानंतरचा तास सुरू व्हायचा होता, मी उठून गेले.

मुलीला मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगितलं होतं, थोडी शुगर आहे इतपत. तिनं हुकूम सोडला, आई, वॉक कर, चांगले शूज घे. मी घेतले. आयुष्यात घेतलेली ती सर्वांत महाग पादत्राणं, जांभळ्या पट्ट्यांची. रोज सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याभोवती चालायला जाऊ लागले. तिथे चालणाऱ्यांच्या गप्पांत शुगर हाच विषय असतो, जसा पूर्वी पोरांच्या मार्कांचा असायचा. कुणी म्हणतं माझी एकशे साठ, कुणी म्हणतं उपाशीपोटी एकशे वीस. मी बेधडक एकशे चाळीस सांगायचे. माझं कौतुक व्हायचं. रहस्य विचारलं जायचं. मी कुंडीतल्या पानाची शिफारस करायचे.

बुटांची तर मी जाहिरातच केली. पहिल्या दिवसापासून एकदाही चावले नाहीत, असं मी भेटेल त्याला सांगत होते. नवे बूट चावत नाहीत याचं खरं तर नवल वाटायला हवं होतं, पण मला त्यात माझ्या खरेदीचं शहाणपण दिसलं. एका सकाळी नवऱ्यानं माझा डावा मोजा बोटांच्या चिमटीत धरून दाखवला. करंगळीच्या जागी तांबूस डाग होता. मी म्हटलं, आतल्या कापडाचा रंग लागतोय, धुतलं की जाईल. त्यानं मोजा हुंगला आणि म्हणाला, रंगाला असा वास येत नाही. मी त्याला सांगितलं, तू मला जीवशास्त्र शिकवू नकोस.

मार्च उजाडला होता, परीक्षेचे दिवस. त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे दाराबाहेर चपला काढून स्वयंपाकघरात गेले. अक्कांनी नुकतीच फरशी पुसली होती. मी ताकाचा पेला हातात घेतला तोवर अक्का माझ्या मागे बघत उभ्या राहिल्या. दारापासून माझ्यापर्यंत, डाव्या पावलाच्या प्रत्येक ठशाशेजारी एक छोटा ओला डाग उमटला होता. मला वाटलं, फरशी ओली आहे.

त्यांनी मला तांदळाच्या पोत्यावर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि माझं पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं. मी संकोचले. मी पाय ओढायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला. करंगळी त्यांनी बाजूला केली. मला त्यांची बोटं दिसत होती, स्पर्श मात्र कळत नव्हता.

"मिस, दुखत नाही?"

"नाही."

त्यांनी काहीतरी दाबलं. त्यांच्या अंगठ्याला पिवळट ओल लागली. "आता पण नाही?"

मी मान हलवली. पाऊल मांडीवर तसंच ठेवून त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. गावाकडे शेतात काम करताना त्याच्या तळव्यात काटा मोडला होता. दुखलं नाही, म्हणून कुणी बघितलं नाही. शुगर हा शब्दच घरात कुणी ऐकलेला नव्हता. पाय काळा पडायला लागल्यावर त्याला बसमधून म्हैसूरला आणलं, तेव्हा गुडघ्याखालून कापावा लागला. तो आता घराच्या ओसरीवर बसून असतो. मी त्या शनिवारी पायांबद्दल बोलत होते, तेव्हा त्या दाराशी उभं राहून त्याच्याच पायाचा विचार करत होत्या, आणि म्हणून त्यांनी बोट पुढे केलं होतं. माझं बोट बघून नव्हे. मी मात्र चार महिने समजत होते, की माझ्या धाडसामुळेच.

मग त्यांनी विचारलं, "गोळी कुठली घेता? पाकीट दाखवा."

मी सांगितलं, की मी कुठलीच गोळी घेत नाही.

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. उठून त्यांनी सांबाराखालचा गॅस बंद केला, दुसऱ्या बाईंना भांड्यांकडे बघायला सांगितलं, एक स्वच्छ पंचा फाडून माझ्या पायाला गुंडाळला आणि फाटकावर जाऊन रिक्षा थांबवली. मी म्हणत होते, सहावा तास माझा आहे. त्या म्हणाल्या, पोरं आज सुटली.

घराजवळच्या इस्पितळात शुगर चारशेच्या वर निघाली. तरुण सर्जननं पाय बघितला, एक्सरे काढायला लावला आणि मला समजेल अशा सोप्या भाषेत सांगायला लागला, की नसा बधिर होतात तेव्हा काय होतं. मी सगळं ऐकून घेतलं. मला ते येतं असं म्हणायचं धाडस झालं नाही. बुटाच्या आत एक शिवण वर आली होती, ती रोज करंगळीला घासत राहिली होती. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. बोट ठेवलं तर पाय धोक्यात येईल, असं तो म्हणाला.

नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. लॅबचा कागद कपाटात शालींच्या खाली आहे, तेही. तो खुर्चीत बसला.

"यंत्रं बिघडलीत असं तू मला सांगितलंस," तो म्हणाला. "मी चार महिने रोज तुला साखर घालून कॉफी दिली."

मला वाटत होतं तो मोज्याबद्दल बोलेल. त्यावर मी उत्तर तयार ठेवलं होतं. मी रडले. बोट जाणार म्हणून रडतेय असं समजून नर्स माझी समजूत घालत राहिली, की एका करंगळीनं चालण्यात फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी करंगळी काढली. आठ दिवस मी तिथे होते. शाळेतले लोक येऊन गेले. सगळ्यांनी फळं आणली आणि एका सहकारिणीनं सवयीनं मिठाईचा डबा आणला, मग तो पिशवीत ठेवावा की बाहेर काढावा हे तिला कळेना. रविवारी अक्का आल्या. खुर्ची असूनही उभ्याच राहिल्या. पायाकडे बघितलं, पट्टी कोरडी आहे ना ते बघितलं. जायला निघाल्या आणि दारातून मागे वळल्या.

"मला रोज गोळी गिळायचा कंटाळा यायचा, मिस. तोंड कडू व्हायचं, पोटात कळ यायची. मग मी म्हणायची, मिस पण घेतातच की."

एवढंच बोलून त्या गेल्या. बोट कापलं तेव्हा भूल होती. याला भूल नव्हती.

त्यानंतर मी मुकाट्यानं सगळं केलं. गोळ्या आल्या, इंजेक्शन आलं. सत्तावीस वर्षं ज्या इन्सुलिनचं नाव मी फळ्यावर अधोरेखित केलं होतं, ते प्रत्यक्षात पहिल्यांदा पोटात टोचून घेताना मी सुई इतक्या वेळा मागे घेतली, की नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी रुंद, काळ्या, अत्यंत कुरूप चपला घालून गेले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन अक्कांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, तांदूळ निवडायला बसा, उभ्या राहू नका. मला ते पुरेसं वाटलं.

पुढे त्यांच्याबरोबर मी दवाखान्यातही जायला लागले. त्यांच्या कार्डावरचं इंग्रजी वाचून सांगायला, असं कारण होतं. त्या दवाखान्यात शुगरवाल्यांचा वार गुरुवार. रांग व्हरांड्यातून बाहेर झाडाखालपर्यंत जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या मनात होतं, की तिथे म्हातारीकोतारी माणसं असतील. तिथे रिक्षावाले होते, गवंडी होते, पार्लर चालवणारी एक पोटुशी मुलगी होती, कृष्णराजनगरहून लेकीकडे राहायला आलेले एक शेतकरी होते. ते म्हणत होते, की गावात आता प्रत्येक गल्लीत कुणाला ना कुणाला आहे, पूर्वी आम्हाला वाटायचं हा म्हैसूरच्या साहेबलोकांचा आजार.

रांगेतून एक जण उठला आणि मला जागा दिली. तिशीतला, रिक्षाच्या खाकी शर्टातला. मला ओळखू येईना. त्यानं सांगितलं, तो माझाच विद्यार्थी, माशाबद्दल विचारणारा. त्याला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली होती. दिवसभर बसून काम, जेवण मिळेल तिथे, गोळ्या कधी आणल्या तर आणल्या.

"तुम्ही शिकवलं होतं, मिस," तो संकोचून म्हणाला. "मला वाटलं, ते परीक्षेपुरतं असतं."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं."

तो हसला, पण मी चेष्टा करत नव्हते. मी त्याला चप्पल काढायला सांगितली आणि त्याचे तळवे बघितले. ते ठीक होते. बाजूच्या बाईंनी विचारलं, माझे पण बघता का? तेव्हापासून सुट्टीतल्या गुरुवारी मी तिथे झाडाखाली एका स्टुलावर बसते आणि लोकांची पावलं बघते. भाषण देत नाही. म्हणजे, फारसं देत नाही. अक्का जवळ असल्या की त्या मला थांबवतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की अक्कांनी सगळं शहाण्यासारखं केलं, तर त्यांचं सगळं ठीक झालं असेल. तसं झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांची शुगर पुन्हा चढली. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, नाचणीचा मुद्दाही एकच, तरीही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांची काही चूक नाही, आता इन्सुलिन लागेल. इतकं करून हे, आणि मी काहीही न करता चार महिने नुसता गूळ खाल्लेला, हा हिशेब त्यांच्या मनात असणारच. तो त्यांनी मला बोलून दाखवला नाही, ही त्यांची भलाई.

टोचायला त्या घाबरत होत्या. म्हणून मी पहाटे पहिल्या बसनं त्यांच्या खोलीवर जायला लागले. मी माझ्या पोटावर दाखवायचे, मग त्यांच्या हातात सिरिंज द्यायचे. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांचं घेऊन झालं होतं आणि त्या भांडी घासत होत्या. आता कशाला दगदग करता, म्हणाल्या. मला आनंद झाला पाहिजे होता. मी बसमध्ये तोंड पाडून बसले.

खरी अडचण वेगळीच होती. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि त्यांच्याकडे फ्रिज नाही. खोलीला पत्रा आहे, एप्रिलमध्ये आत भट्टी होते. मी म्हटलं, शाळेच्या स्टाफरूममधल्या फ्रिजमध्ये ठेवू, पण सुट्टीचं काय? माझ्या घरी ठेवू, पण मग रोज यायचं कसं? नर्सनं सांगितलं, मातीचं मडकं, त्यात ओली वाळू, त्यात दुसरं छोटं मडकं, वर ओलं फडकं. अक्का म्हणाल्या, एवढंच ना, आमच्याकडे ताक असंच ठेवतात.

दोन मडकी आणि वाळू त्यांनी आणली. मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला, कारण मला विश्वास नव्हता. रविवारी दुपारी बाहेर चौतीस अंश होते तेव्हा आत चोवीस निघाले. मी तो आकडा दोनदा तपासला, थर्मामीटर बदलून पुन्हा तपासला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी पुन्हा जाऊन, बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती मडक्यातून ओढली जाते, हे मी त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. त्या तंबाखू मळत ऐकत होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी थर्मामीटर माझ्या हातातून काढून खिळ्याला टांगला, फडक्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "मिस, आठची बस चुकेल."

आम्ही दोघी खोलीला कुलूप लावून निघालो. त्या झपझप पुढे, मी नऊ बोटांनी त्यांच्या मागे. दोन स्टॉप आधी त्यांनी मला उतरवलंच.